चौकशी प्रेसपाशीच थांबते

कारखान्यात कुणाचं बोट गेलं की चौकशीचा एक कागद भरला जातो. त्यात कारणाचा एक रकाना असतो. मी पाहिलेल्या बहुतेक कागदांवर त्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलेलं असतं. कधी ‘सूचना पाळल्या नाहीत’, कधी ‘कामात लक्ष नव्हतं’. कागद भरणारा फारच प्रामाणिक असेल तर ‘सुपरव्हिजन कमी पडली’. मशीन कोणी बनवलं, कोणत्या साली बनवलं, बनवताना त्यात काय घातलं आणि काय गाळलं, हे विचारणारा रकाना मात्र मला त्या कागदांवर दिसला नाही. चौकशी ऑपरेटरपासून सुरू होते, सुपरवायझरपर्यंत जाते, क्वचित मालकापर्यंत पोचते. ज्याच्या ड्रॉइंग बोर्डवर ते मशीन आखलं गेलं, त्याच्या दारात ती जात नाही.

पॉवर प्रेसच्या धंद्याच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी प्रेस बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात केली. पुढे औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक्रम केला आणि भोसरी, तळवडे, चाकण, कुरुळी या पट्ट्यातल्या लहानमोठ्या युनिटांत प्रेस तपासायचं काम धरलं. गाड्यांचे ब्रॅकेट, वॉशर, क्लिपा, क्लॅम्प असा नाना तऱ्हेचा पत्र्याचा माल इथल्या शेडमधून निघतो आणि मोठ्या कंपन्यांच्या असेंब्ली लाइनवर जातो. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे होणाऱ्या जखमांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. हात आणि बोटं घेणाऱ्या मशीनांत पॉवर प्रेस सगळ्यात वर आहे, हे त्यातून पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. आमच्या भागात ते कळायला अहवाल लागत नाही. शिफ्ट सुटल्यावर टपरीवर चहाचे ग्लास धरणारे हात पाहिले तरी पुरतं.

प्रेसचं काम सांगायला सोपं आहे. वर जड फ्लायव्हील मोटरवर सतत फिरत असतं. त्याच्या मधून क्रँकशाफ्ट जातो, पण तो फ्लायव्हीलबरोबर फिरत नाही. ऑपरेटरने पेडल दाबलं की शाफ्टमधली एक अर्धगोल चावी वळते आणि फ्लायव्हीलच्या खाचेत अडकते. मग शाफ्ट फिरतो, रॅम खाली येतो, पंच डायवर आपटतो, जॉब कापला किंवा वाकवला जातो. एक फेरा पुरा झाला की एक अडसर, ज्याला आम्ही लॅच म्हणतो, चावीच्या शेपटीला अडवतो, चावी परत वळून खाचेतून सुटते आणि ब्रेक शाफ्टला वरच्या वर थांबवतो. हा चावीचा क्लच. याचा स्वभाव असा की एकदा चावी अडकली की फेरा पुरा झाल्याशिवाय मशीन थांबत नाही. अर्ध्यावर हात दिसला, ओरडलात, लाल बटण दाबलंत, तरी फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर रॅमला खाली नेतोच.

दुसरा धोका याहून वाईट. लॅच वेळेवर जागेवर आला नाही, तर चावी सुटत नाही आणि रॅम पेडल न दाबता दुसऱ्यांदा खाली येतो. शेडमध्ये याला ‘रिपीट मारला’ म्हणतात. पहिल्या स्ट्रोकनंतर ऑपरेटरचा हात सवयीने जॉब काढायला डायमध्ये गेलेला असतो. नेमक्या त्याच क्षणी रिपीट येतो.

भोसरीतल्या एका युनिटात अशाच एका अपघातानंतर मला बोलावलं होतं. मुलगा लातूरकडचा, ठेकेदारामार्फत लागलेला, बाविशी-तेविशीचा. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं. मी त्याला दवाखान्यात भेटलो तेव्हा तो दुखण्याबद्दल काही बोलला नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, “साहेब, पाय पेडलवर नव्हता. आईशप्पथ नव्हता.” बाहेर आल्यावर सुपरवायझर मला म्हणाला, “सर, सगळे असंच म्हणतात.”

युनिटात गेल्यावर त्यांनी मला मशीन चालवून दाखवलं. तीस टनाचा सी-फ्रेम प्रेस, हिरवा रंग नव्याने मारलेला. सुपरवायझरने स्वतः बसून लागोपाठ कितीतरी स्ट्रोक मारले. एकही रिपीट नाही. मालक म्हणाले, “बघा साहेब, मशीन ओके आहे. पोरगं मोबाइलच्या नादात असणार.” माणूस वाईट नव्हता. दवाखान्याचा वरखर्च त्यांनी पदरचा केला होता, मुलाच्या वडिलांना गावाहून आणायला गाडी पाठवली होती. पण मशीनवर त्यांचा पक्का विश्वास होता, कारण ते त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. अधूनमधून येणारा दोष मशीन चालवून दाखवून सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला.

शेवटी क्लच उघडायला सांगितला. तिथले जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, पाना घेऊन आले. बाजूचं झाकण काढल्यावर लॅचला वर ओढणारी स्प्रिंग दिसली. बाजारात कुठेही मिळते तशी, दोन्ही टोकांना आकडे असलेली ताणाची स्प्रिंग. तिचा एक आकडा कधीतरी तुटला होता आणि तिथे बाइंडिंगची तार गुंडाळून ती परत टांगलेली होती. तारेमुळे स्प्रिंग मूळच्यापेक्षा ढिली बसली होती. लॅचचं नाकही घासून गोल झालं होतं. मामांनी पेडल दाबून हळूच सोडलं. लॅच वर आला, पण रमतगमत आला. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरगं खोटं बोलत नव्हतं.”

तार कोणी गुंडाळली, हे विचारायला फारसं कठीण नव्हतं आणि मालकाची चूकही स्पष्ट होती. देखभाल त्याची जबाबदारी आहे, तपासणी त्याची जबाबदारी आहे, आणि माझ्या अहवालात मी ते लिहिलंच. पण मला त्या स्प्रिंगपाशी थांबायचं होतं. ताणाची स्प्रिंग तुटली की तिचं काम तिथल्या तिथे संपतं. लॅच खाली पडून राहतो आणि प्रेस एकामागून एक स्ट्रोक मारत सुटतो. त्याच जागी दाबाची स्प्रिंग एका दांड्यावर ओवून बसवली, तर ती तुटली तरी तिचे दोन्ही तुकडे दांड्यावरच राहतात आणि लॅचला ढकलत राहतात. जोर थोडा कमी होतो, पण काम थांबत नाही. अमेरिकेत यांत्रिक पॉवर प्रेससाठी जो सरकारी सुरक्षा नियम आहे, तो सिंगल स्ट्रोकच्या यंत्रणेत स्प्रिंग वापरायची तर ती दाबाचीच आणि दांड्यावर किंवा नळीत बसवलेलीच हवी, असं सांगतो. स्प्रिंग कधी ना कधी तुटणार, हे गृहीत धरून तो लिहिलेला आहे. दोन्ही स्प्रिंगांच्या किमतीत चहापाण्याच्या खर्चाएवढाही फरक नाही. फरक आहे तो ड्रॉइंगमध्ये, आणि ड्रॉइंग ऑपरेटर काढत नाही, मालकही काढत नाही.

ड्रॉइंग ऑफिसात असताना मी हा विचार कसा होतो, हे आतून पाहिलं होतं. गिऱ्हाईक यायचं, टनेज सांगायचं, स्ट्रोकची लांबी सांगायचं आणि लगेच भावावर यायचं. आमच्या कोटेशनमध्ये मूळ मशीनची किंमत वर असायची. खाली ‘अॅक्सेसरीज, एक्स्ट्रा’ या मथळ्याखाली मोटर, स्टार्टर, डाय कुशन आणि त्याच यादीत कुठेतरी गार्ड. पेडलवरचं झाकणसुद्धा एक्स्ट्रा. गिऱ्हाईक पेनाने खालच्या ओळी खोडत जायचं आणि सगळ्यात आधी गार्डवर काट पडायची. आमचे शेठ म्हणायचे, “आपण गार्ड घालून भाव लावला तर तो राजकोटहून किंवा बटाल्याहून मशीन उचलेल. तिथला बिनगार्डचा भाव त्याच्या खिशात आहे.” यात खोटं काही नव्हतं. बाजार तसाच होता.

मशीनवाल्यांची आणखी एक बाजू आहे आणि तीही ऐकून घ्यायला हवी. आज या प्रेसवर वॉशर निघतो, उद्या लांब पट्टी वाकवायची असते. डाय बदलली की हात कुठून जाणार ते बदलतं, म्हणून डायच्या तोंडाशी बसणारा पक्का गार्ड डायबरोबरच ठरतो. तो मशीन बनवणाऱ्याने आधीच कसा घालायचा? हा मुद्दा रास्त आहे. पण त्याची सीमा आहे. लॅचची स्प्रिंग डायवर अवलंबून नसते. पेडलवर चुकून पाय पडू नये किंवा वरून जॉब पडून ते दाबलं जाऊ नये म्हणून लागणारं झाकण डायवर अवलंबून नसतं. पेडल दाबून धरलं तरी एकच स्ट्रोक यावा, ही यंत्रणा डायवर अवलंबून नसते. फ्लायव्हील आणि गिअरवरचं कव्हरही नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लच चावीचा घालायचा की हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच घालायचा, हे तर मशीन बनवणाराच ठरवतो. ‘डाय बदलते’ या एका खऱ्या वाक्याच्या आडोशाला या सगळ्या गोष्टी बसवून टाकल्या जातात.

क्लचच्या निवडीत पुढचं सगळं कसं बांधलेलं असतं, हे मी ट्रेनिंगमध्ये फळ्यावर एक हिशेब मांडून दाखवतो. समजा प्रेसचे मिनिटाला ६० स्ट्रोक आहेत, म्हणजे एका फेऱ्याला एक सेकंद. चावी अडकायला फ्लायव्हीलमध्ये एकच खाच आहे. तुम्ही दोन हातांची दोन बटणं दाबलीत. खाच नुकतीच पुढे गेली असेल तर ती परत येईपर्यंत एक सेकंद जातो. मग रॅम खाली यायला अर्धा फेरा, म्हणजे आणखी अर्धा सेकंद. या दीड सेकंदात तुमचे हात बटणावरून सुटून डायकडे जाऊ शकतात. माणसाच्या हाताचा वेग या हिशेबात सेकंदाला १.६ मीटर धरतात. दीड सेकंदाला २.४ मीटर. म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटर लांब हवीत! इतक्या लांब उभं राहून कोणी जॉब लावेल का? प्रत्यक्षात मी बघतो ती बटणं हातभर अंतरावर असतात, आणि दोन बटणं आहेत म्हणून मशीन सुरक्षित आहे असा शेरा फाइलला लागलेला असतो. शिवाय रिपीट आला तर दोन काय, चार बटणं असली तरी उपयोग नाही.

सेन्सरचंही तेच. मोठ्या कंपनीचे ऑडिटर येतात आणि व्हेंडरला प्रेसला लाइट कर्टन बसवायला सांगतात. डायसमोर अदृश्य किरणांचा पडदा. हात आत गेला की मशीन थांबलं पाहिजे. फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर ते थांबतं, कारण तो क्लच अर्ध्या फेऱ्यात सुटतो आणि ब्रेक लागतो. चावीच्या क्लचवर किरण तुटला, दिवा लाल झाला, तरी रॅम खाली येतच राहतो. असे पडदे लावलेले चावीचे प्रेस मी पाहिले आहेत. ऑडिटच्या फोटोत ते छान दिसतात.

यंत्राच्या सुरक्षिततेचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२१००, त्यात पायऱ्यांचा क्रम दिला आहे. आधी रचनाच अशी करा की धोका राहणार नाही. जो उरेल त्याला गार्ड किंवा संरक्षक यंत्रणा लावा. त्यानंतरही जो उरेल, त्याची सूचना वापरणाऱ्याला द्या. आपल्याकडच्या शेडमध्ये हा क्रम नेमका उलटा चालतो. भिंतीवर ‘सावधान, हात सांभाळा’ हा बोर्ड पहिला लागतो, गार्ड अपघातानंतर येतो आणि रचनेचा विषय निघतच नाही.

हा वाद जगात फार आधी कोर्टात गेला आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७२ मध्ये अगदी आमच्या शेडमधला वाटावा असा खटला आला होता. दहा टनाचा प्रेस, पायाचं पेडल, हाताने डायमध्ये जॉब ठेवायचं काम, ऑपरेटर कोवळ्या वयाचा, हात चिरडलेला. मशीन बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की प्रेस बिनगार्डचाच विकायची धंद्याची रीत आहे, गार्ड बसवणं हे घेणाऱ्याचं काम. खालच्या कोर्टांनी ते मानलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवायला सांगितला. जिथे मशीन बनवणाऱ्याला सुरक्षेची यंत्रणा बसवणं शक्य आहे, तिथे घेणारा बसवेल यावर भिस्त ठेवून त्याला सुटता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मुलाने हात आत घातला, ही त्याची चूक होती, हा बचावही न्यायालयाने नाकारला. ज्या चुकीपासून वाचवायला ती यंत्रणा हवी होती, तीच चूक झाली म्हणून यंत्रणा न देणाऱ्याला सोडायचं कसं, असा त्या निकालाचा रोख आहे. ‘निष्काळजीपणा’ लिहिलेले कागद वाचताना मला हा निकाल नेहमी आठवतो.

आपल्याकडे कायदा मुका होता असं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २६ होतं. शाफ्टवरचे बाहेर आलेले स्क्रू आणि उघडे गिअर असलेलं मशीन कारखान्यासाठी विकणाऱ्याला त्यात शिक्षा सांगितली होती : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे विकणाऱ्याकडे बोट दाखवायची कल्पना स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. दंडाचा आकडाही त्याच काळातला. शेतीच्या यंत्रांबाबत तर आपण आणखी पुढे गेलो होतो. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार फार वाढले, तेव्हा संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा केला आणि यंत्र बनवणाऱ्यालाच मानकांशी बांधून घेतलं. मळणी यंत्राच्या भारतीय मानकात घास लावायच्या पन्हाळीची लांबी किमान ९०० मिलिमीटर आणि त्यातला ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला हवा, असं लिहिलं आहे. पेंढी सारताना हात ड्रमपर्यंत पोचूच नये, एवढी ती लांबी आहे. सुगीच्या दिवसांत रात्रभर जागून मळणी करणारा माणूस पेंगणार, हे तिथे धरूनच चाललेलं आहे. सुरक्षित रचना म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी त्या पत्र्याच्या पन्हाळीकडे बोट दाखवतो.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि कलम ७ब आलं. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्याच्या वळणावर गेलेलं हे कलम सांगत होतं की कारखान्यात वापरायची वस्तू जो आखतो, बनवतो, आयात करतो किंवा पुरवतो, त्याने ती शक्य तितकी सुरक्षित बनवली पाहिजे, तपासली पाहिजे आणि सुरक्षित वापराची माहिती दिली पाहिजे. वस्तू या शब्दात यंत्रंही येत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतही आखणारे, बनवणारे आणि पुरवणारे यांच्यावरची ही जबाबदारी कायम आहे. अवजड उद्योग मंत्रालयाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये यंत्रांच्या सुरक्षेचा सर्वसमावेशक आदेशही काढला, मात्र त्याची मुदत पुढे ढकलली. इतकं सगळं असून माझ्या कामात ७ब चं नाव घेणारा मालक, वकील किंवा युनियनवाला मला विरळाच भेटला. मशीनवाल्यांपैकी बऱ्याच जणांना ते कलम आहे हेच ठाऊक नव्हतं.

आता त्या लातूरच्या मुलाने मशीन बनवणाऱ्यावर दावा लावायचा म्हटलं, तर काय होतं ते बघा. त्याचा ईएसआय विमा होता, हे त्याचं नशीब. अपघातानंतर घाईने कार्ड काढलेली पोरंही मी पाहिली आहेत. ईएसआयच्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरतात. कायम अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजाच्या ९० टक्क्यांवर मोजतात. रोज ५०० रुपये असेल तर ४५० चे २० टक्के, म्हणजे दिवसाला ९० रुपये, जन्मभर. हा आधार खोटा नाही. वकील, तारखा, पुरावे यांच्याविना तो मिळतो. पण ईएसआयच्या जुन्या कायद्याचं कलम ५३ दुसरीकडचा दरवाजा बंद करत होतं. नोकरीतल्या इजेसाठी विमाधारकाने मालकाकडून किंवा अन्य कोणाकडून वेगळी भरपाई घेऊ नये, असे त्याचे रुंद शब्द होते. ‘अन्य कोण’ यात मशीनवालाही आला, असं त्याचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार.

ग्राहक संरक्षण कायद्याकडे वळावं, तर २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं पूर्ण प्रकरण आहे आणि सदोष रचना हा त्यात भरपाईचा आधार म्हणून सांगितला आहे. पण प्रेस त्या मुलाने विकत घेतलेला नाही. घेतला आहे मालकाने, तोही धंद्यासाठी. म्हणजे ‘ग्राहक’ कोण, इथूनच वाद. पुढे आणखी एक अपवाद आहे. मालकाने कामाच्या जागी वापरायला वस्तू घेतली असेल आणि बनवणाऱ्याने त्या मालकाला धोक्याच्या सूचना दिल्या असतील, तर सूचना अपुऱ्या होत्या म्हणून बनवणाऱ्याला धरता येत नाही. सूचना पुस्तिका मालकाच्या कपाटात, बोटं कामगाराची.

आणि समजा हे सगळे अडथळे पार केले, तरी दावा कोणावर लावायचा? भोसरीतल्या त्या हिरव्या प्रेसवर नेमप्लेटच्या जागी चार रिव्हेट होते आणि मधे नवा रंग. मालकांनी तो दुसऱ्या युनिटकडून घेतलेला, त्याने आणखी कोणाकडून. प्रेसचं कास्टिंग सहजी झिजत नाही. तीस-तीस वर्षं तो या शेडमधून त्या शेडमध्ये फिरतो आणि दर फेऱ्यात त्याची ओळख थोडी पुसली जाते. जन्मदाखला नसलेलं मशीन कोर्टात कोणाच्याच नावावर उभं करता येत नाही.

म्हणून मी कोर्टाची वाट न धरता कागदाची वाट धरली. अहवालात मशीनची नेमप्लेट, साल, क्लचचा प्रकार आणि मूळ पुरवठ्यात गार्ड होता की नाही, हे मी आता कोणी न विचारता लिहितो. दोष रचनेतला असेल तर ‘रचनेतला’ असं स्वच्छ लिहितो, आणि बनवणारा सापडत असेल तर कारखान्याच्या लेटरहेडवर त्याला पत्र पाठवायला लावतो. त्या भोसरीच्या मालकांनी उरलेल्या प्रेसच्या स्प्रिंगा मामांकडून बदलून घेतल्या. ज्या मशीनांवर प्लेट होती, त्यांच्या बनवणाऱ्यांना पत्रंही टाकली. उत्तर एकाचंच आलं. त्याने दांड्यावरच्या स्प्रिंगचं ड्रॉइंग मागवलं आणि पुढच्या मशीनांत ती घालायला सुरुवात केली. एका पत्राने एवढं होत असेल तर पत्रं पाठवायला हवीत.

खरेदीच्या वेळी तर हे आणखी सोपं आहे. जुन्या ७ब मध्ये एक पोटकलम होतं, ज्याकडे कोणी फारसं बघत नसे. यंत्र सुरक्षित ठेवण्यासाठी अमुक गोष्टी मी स्वतः करीन, असं घेणाऱ्याने लेखी हमीपत्र दिलं, तर तेवढ्यापुरता बनवणारा मोकळा होत असे. लेखी नसेल तर तो मोकळा नसे. माझ्या ओळखीच्या एका तरुण प्रेसवाल्याने, वडिलांचा धंदा हातात आल्यावर, यावरून कोटेशनची रीत बदलली. पेडलचं झाकण, सिंगल स्ट्रोकची यंत्रणा, कव्हरं हे सगळं मूळ किमतीत. ते खोडायची सोयच ठेवली नाही. डायच्या तोंडाचा गार्ड नको असेल तर घेणाऱ्याने लेटरहेडवर लिहून द्यायचं की हा गार्ड बसवायची जबाबदारी आमची आणि तो बसवल्याशिवाय आम्ही मशीन चालवणार नाही. वडील म्हणाले, गिऱ्हाईक पळेल. काही पळालीही. पण बाकीच्यांचा अनुभव गमतीचा आहे. भावावर तासभर घासाघीस करणारा माणूस त्या कागदावर सही करायला बसला की पेन खाली ठेवतो आणि विचारतो, “गार्डसकट किती म्हणालात?” नवी संहिता आल्यावरही त्याने हा कागद बंद केलेला नाही. सही करायची नसेल तर गार्ड घ्या, इतका साधा त्याचा हिशेब आहे, आणि त्याच्याकडे येणारे बहुतेक जण आता गार्ड घेऊन जातात.